दऱ्या की दर्या?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मी कविता लिहिणारा माणूस. संगणकावर बोलायला मला बोलावले तेव्हा केंद्रावरच्या मंडळींचा काहीतरी घोटाळा झाला असावा, असेच मला वाटले. मी बी.ए. आहे, तेही मराठी घेऊन. कॉम्प्युटरमधले मला कळते ते एवढेच, की बटण दाबले की तो सुरू होतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी होत नाही. पण निमंत्रण देणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या अम्मांच्या ओव्यांचं जे झालं, तेच सांगा." तेव्हा तेच सांगतो.

आमचे मूळ गाव सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातले. अम्मा जात्यावर बसली की ओव्या म्हणायची. मुसलमानाच्या घरात ओव्या कशा, असे आजही कोणी कोणी विचारतो. कशा म्हणजे, शेजारणी म्हणत तशाच. त्यांत विठोबा यायचा, मिरजेचा मीरासाहेब यायचा, माहेरची वाट यायची आणि सगळ्यांत जास्त यायचा तो तिचा भाऊ. हा माझा मामू मुंबईला गोदीत कामाला होता. ईदला येतो म्हणायचा आणि पुष्कळदा यायचा नाही. तो आला नाही की ओव्या वाढायच्या.

१९९८ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन तिच्यापुढे बसलो. गावात पिठाची गिरणी येऊन किती तरी वर्षे झाली होती. जाते कोपऱ्यात पडले होते. पण नुसते बसून तिला काही आठवेना. "हात फिरल्याबगर वळ येत न्हाई," म्हणाली. मग ती रिकामे जाते फिरवायची आणि मी लिहून घ्यायचो. वर्षभरात दोन वह्या भरल्या. ४१२ ओव्या झाल्या.

त्या टाइप करून घेतल्या आमच्या अण्णांकडे. अण्णा म्हणजे डीटीपीवाले. लग्नपत्रिका, बिलबुके, सोसायट्यांचे अहवाल आणि आमच्यासारख्यांचे कवितासंग्रह ही त्यांची गिऱ्हाइके. त्यांच्याकडे विंडोज ९८ असलेला असेंबल केलेला कॉम्प्युटर होता आणि त्यावर मराठीचे एक सॉफ्टवेअर होते. ते चोरून वापरता येऊ नये म्हणून कंपनीने त्याच्यासोबत काडेपेटीएवढे एक 'लॉक' दिले होते. कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटरची जाड वायर जिथे जोडत, तिथे ते लावायचे. लॉक असेल तर सॉफ्टवेअर उघडणार. पहिली वही एका फाइलीत, दुसरी दुसऱ्या फाइलीत, असे ते काम झाले. पुस्तक मात्र झाले नाही. प्रकाशक म्हणाले, निम्मे पैसे तुम्ही घाला. माझ्याकडे नव्हते.

२००४ मध्ये अण्णांनी नवा कॉम्प्युटर घेतला. त्यावर विंडोज एक्सपी आणि मराठी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती होती. तोवर अम्माला आणखी तीसेक ओव्या आठवल्या होत्या. त्या दुसऱ्या वहीत घालायच्या म्हणून अण्णांनी जुनी फाइल नव्या कॉम्प्युटरवर उघडली. सॉफ्टवेअरने विचारले, ही फाइल जुन्या आवृत्तीतली आहे, नव्या आवृत्तीत बदलू का? अण्णांनी 'यस' दाबले. आपण सगळेच दाबतो. मग नव्या ओव्या घातल्या, एका सीडीवर दोन्ही वह्या उतरवून मला दिल्या आणि जुन्या कॉम्प्युटरवरची दुसऱ्या वहीची फाइल पुसून टाकली. एकाच गोष्टीच्या दोन प्रती कशाला, असा त्यांचा रोखठोक हिशेब.

२००६ मध्ये अम्मा गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आमच्या घरात शिरले. त्या पुरात सांगलीने काय सोसले ते मी सांगायला नको. वह्या आणि प्रूफाचे कागद खालच्या कपाटात होते. पाणी ओसरल्यावर त्यांचा एक राखाडी लगदा निघाला. सीडी मात्र मिरजेला माझ्या थोरल्या बहिणीकडे, आपाकडे होती.

माझा भाचा, म्हणजे आपाचा मुलगा, पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. २०२० च्या टाळेबंदीत तो घरी येऊन राहिला होता. त्याच्या लॅपटॉपवर विंडोज १० होती आणि सीडी घालायला जागाच नव्हती. दुकाने उघडल्यावर बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह आणला. सीडी वाचली गेली! दोन फाइली दिसल्या. उघडायला गेलो, तर कॉम्प्युटर विचारतो, ही कशाने उघडू? त्याला तो प्रकारच ठाऊक नव्हता. भाच्याने ती साध्या नोटपॅडमध्ये उघडली, तर सगळी इंग्रजी अक्षरे, टिंबे, कंस आणि डॉलरची चिन्हे. मी मटकन खाली बसलो. तो हसला. म्हणाला, "मामू, प्रश्नचिन्हं नाहीत ना? मग घाबरू नका. ओव्या आहेत आत."

हे त्याने मला नीट समजावून सांगितले, आणि मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावे असे मला वाटते. कॉम्प्युटर अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे ठरलेले असावे लागते. इंग्रजीचे ते फार पूर्वी ठरले. आपल्या मराठी फाँटवाल्यांनी एक युक्ती केली. कॉम्प्युटरला कळू न देता इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचे चित्र बसवले. म्हणजे आत इंग्रजीचाच आकडा, पण वर मुखवटा 'क'चा. प्रत्येक कंपनीने हे मुखवटे आपापल्या मर्जीने बसवले. एकीचा 'क' दुसरीकडे 'भ' झाला. तो फाँट असेल तोवर सगळे मराठी. फाँट नसला, की मुखवटा गळून पडतो आणि आतले इंग्रजी दिसते.

मराठी मजकूर बिघडतो तेव्हा तीन रूपांत दिसतो. रिकामे चौकोन दिसले, तर अक्षर शाबूत आहे, फक्त त्या फाँटात त्याचे चित्र नाही. इंग्रजीची खिचडी दिसली, तर बहुतेक वेळा मुखवटा गळाला आहे, आकडे शाबूत आहेत. पण ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हे दिसली, तर मात्र अक्षर गेले. ज्या जागेत देवनागरी मावतच नाही अशा साच्यात कोणीतरी मजकूर कोंबला आणि कॉम्प्युटरने प्रत्येक अक्षर पुसून तिथे प्रश्नचिन्ह लिहिले. ते परत येत नाही. विंडोजच्या नोटपॅडमध्ये २०१९ पर्यंत हे सहज व्हायचे. मराठी लिहून जतन करू लागलात की तो एक इशारा द्यायचा. घाईत 'ओके' दाबले की मजकुराची प्रश्नचिन्हे. त्या वर्षीच्या विंडोज १० च्या सुधारणेपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ या पद्धतीने जतन करू लागले आणि हा अपघात टळला.

आता आमच्या फाइलीत आकडे शाबूत होते, पण ते सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या खाणाखुणांत विखुरलेले होते. ओळ कुठे संपते ते कळेना. सॉफ्टवेअर मिळाले तर बरे, म्हणून अण्णांना फोन केला. त्यांच्याकडे मूळ सीडी होती. ती लॅपटॉपमध्ये घातली. विंडोजने स्वच्छ सांगितले, हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही.

का चालू शकत नाही? मला हा प्रश्न स्वस्थ बसू देईना. चाकू वीस वर्षांनी बोथट होईल, पण 'मी या स्वयंपाकघरात कापणार नाही' असे तो म्हणत नाही. प्रोग्राम गंजत नाही, झिजत नाही. सीडीवरचा एकही आकडा बदलला नव्हता. मग?

भाच्याचे स्पष्टीकरण मी माझ्या भाषेत सांगतो. प्रोग्राम स्वतः काहीच करत नाही. पडद्यावर अक्षर काढायचे असो, फाइल उघडायची असो, तो विंडोजकडे अर्ज करतो. विंडोज म्हणजे मामलेदार कचेरी. खेड्यातल्या जुन्या माणसाला कचेरी पाठ असते. तिसऱ्या खिडकीत उतारा मिळतो, डाव्या हाताच्या भाऊसाहेबांकडे शिक्का मिळतो. कचेरी नव्या इमारतीत गेली, की हा माणूस सवयीने तिसऱ्या खिडकीत जातो आणि तिथे आता सायकल स्टँड असतो. नव्या कचेरीने जुन्या खिडक्यांच्या पाट्या तशाच ठेवल्या, तर त्याचे काम होते. शहाण्या कचेऱ्या ठेवतात. पण काही अर्जदार मागच्या दाराने, शिपायाशी संधान बांधून काम करून घेणारे असतात. इमारत बदलली की पहिली अडचण त्यांची होते. आमचे मराठी सॉफ्टवेअर या जातीचे होते. विंडोजला नकळत मुखवटे बसवायचे म्हणजे मागचे दार आलेच.

तरी जुने प्रोग्राम नव्या कचेरीत चालावेत म्हणून काही माणसे अक्षरशः जिवाचे रान करतात, हे मला ठाऊक नव्हते. 'सिमसिटी' नावाचा शहर वसवण्याचा एक खेळ होता. जुन्या विंडोजवर तो छान चाले. त्यात एक चूक होती. स्मरणातली एखादी जागा परत केल्यावरही तो तिथले वाचत राही. म्हणजे भाड्याची खोली सोडून, किल्ली देऊन, पुन्हा तिथेच जेवायला जाणे. जुन्या विंडोजमध्ये खोली लगेच दुसऱ्याला दिली जात नसे, म्हणून खपून गेले. १९९५ च्या विंडोज ९५ मध्ये ते खपेना. चूक खेळाची होती, विंडोजची नव्हती. पण विकत घेणारा म्हणणार, नवी विंडोज वाईट. म्हणून त्यांनी विंडोजमध्येच एक पहारा बसवला. हा खेळ चालू झाला, की खोल्या लगेच दुसऱ्याला द्यायच्या नाहीत! दुसऱ्याच्या मुलाची खोड आपल्या घरात सांभाळून घेण्याचाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट वय चोरण्याची. आत विंडोज एक्सपीचा क्रमांक ५.१ होता. पुष्कळ प्रोग्रामांनी सुरू होतानाच तपासणी ठेवली. पहिला आकडा निदान ५ हवा आणि दुसरा निदान १ हवा. २००७ मध्ये व्हिस्टा आली तिचा क्रमांक ६.०. दुसरा आकडा शून्य! झाले, हे प्रोग्राम म्हणाले, ही तर एक्सपीपेक्षा जुनी दिसते, आम्ही चालणार नाही. म्हणून २००९ ची विंडोज ७ बाहेर सात म्हणवून घेत असली, तरी आतल्या कागदावर तिने स्वतःला ६.१ लावून घेतले. २०२१ ची विंडोज ११ सुद्धा आत अजून १०.० च आहे. लग्नाच्या बाजारात वय चोरतात हे ऐकून होतो. पण म्हाताऱ्या प्रोग्रामांना बिचकवू नये म्हणून तरुण विंडोजने ते चोरावे, याची मला मौज वाटली.

मात्र काही भिंती अशा असतात की तिथे सांभाळून घेणेही संपते. विंडोज ९५ आणि ९८ जुन्या डॉसच्या पायावर उभ्या होत्या आणि त्यांच्यावर सोळा बिटांचे जुने प्रोग्राम सुखाने चालत. २००१ ची एक्सपी वेगळ्या, एनटी नावाच्या पायावर उभी राहिली. तरी सोळा बिटवाल्यांसाठी तिने एक पडवी ठेवली होती. पुढे चौसष्ट बिटांची विंडोज आली आणि तिने ती पडवी पाडली. तिच्यावर बत्तीस बिटांचे प्रोग्राम चालतात, सोळा बिटांचे नाहीत. विंडोज ११ तर फक्त चौसष्ट बिटांतच मिळते. आमच्या सॉफ्टवेअरचा बराच भाग सोळा बिटांचा होता. प्रोग्रामवर उजवे बटण दाबून 'कम्पॅटिबिलिटी'त जाऊन 'तू विंडोज ९८ वर आहेस' असे त्याला खोटे सांगता येते, तेही भाच्याने करून पाहिले. जिथे पडवीच नाही तिथे खोटे बोलून काय होणार?

भाचा म्हणाला, यात तीन स्वभाव आहेत. विंडोजवाले जमेल तितके जुने सांभाळतात. ॲपलवाले ठरलेल्या दिवशी दार लावून घेतात. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून त्यांनी बत्तीस बिटांचे प्रोग्रामही बंद केले. आणि लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांचा दंडक असा, की लिनक्सच्या गाभ्यात केलेल्या बदलामुळे लोकांचा चालता प्रोग्राम बंद पडला, तर चूक बदल करणाऱ्याची. मला हा तिसरा दंडक आवडला. पण खरे सांगायचे तर ॲपलचा निष्ठुरपणाही मला अगदीच वाईट वाटत नाही. निदान माणूस जागा होतो. आम्ही वीस वर्षे चालते आहे म्हणून झोपलो होतो.

शेवटी आम्ही अण्णांच्या माळ्यावर गेलो. जुना डबा तिथे फडक्यात गुंडाळून ठेवला होता. लॉक सापडले टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, रबरबँड आणि टाचण्यांच्या सोबतीला. पॉवर सप्लाय जळालेला होता, तो बदलला. डबा सुरू झाला. आतली छोटी बॅटरी मेली होती, त्यामुळे त्याने तारीख दाखवली १ जानेवारी १९८०. मग ते विंडोज ९८ चे ढगांचे चित्र आले. अण्णांनी हात जोडले. लॉक लावले, सॉफ्टवेअर उघडले, पहिल्या वहीची फाइल उघडली आणि पडद्यावर अम्माची पहिली ओवी आली.

मी काही बोललो नाही. अण्णाही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "शायर, आता हे बाहेर कसं काढायचं?"

कारण नवाच पेच होता. पेनड्राइव्ह लावला तर विंडोज ९८ त्याला ओळखेना. त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. फ्लॉपी चालेल, पण लॅपटॉपला फ्लॉपीची जागा नाही. मग भाच्याने मजकूर साध्या टेक्स्ट फाइलीत उतरवला, कॉम्प्युटर बंद केला, स्क्रू काढून हार्ड डिस्कच बाहेर काढली आणि बाजारातून आणलेल्या एका जोडवायरीने लॅपटॉपला लावली. आणि बघा, ती लगेच वाचली गेली. त्या डिस्कवर फाइली मांडण्याची जी पद्धत होती, फॅट ३२ म्हणतात ती, १९९६ पासूनची आहे आणि विंडोज १० तिला मुकाट ओळखते. एवढ्या भानगडीत ही एकच गोष्ट कसलीही कटकट न करता झाली, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

मग भाच्याने तक्ता बनवला. या फाँटमधला हा आकडा म्हणजे युनिकोडमधले हे अक्षर. युनिकोड म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी ठरवलेले आकडे. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून देवनागरी त्यात आहे. त्यातली आपली मांडणी आपल्याकडच्या 'इस्की' या १९८८ च्या प्रमाणावरून घेतली आहे. त्यात 'क'चा आकडा २३२५. सांगलीत, टोकियोत, विंडोजवर, मोबाइलवर, सगळीकडे २३२५. एकदा दिलेला आकडा काढून घ्यायचा नाही, हलवायचा नाही, असे युनिकोडवाल्यांचे जाहीर वचन आहे.

पण मुखवट्यातून युनिकोडमध्ये येणे म्हणजे नुसती आकड्यांची अदलाबदल नव्हे. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. रफाराचे उलटे. तो दिसतो नंतर, पण लिहायचा आधी. भाच्याच्या तक्त्याने पहिल्या दिवशी जे मराठी ओकले ते वाचून आपा इतकी हसली, की तिला ठसका लागला.

आणि मग आला आपला 'दुसऱ्या'मधला 'र'. तो आडवा, भुवईसारखा. हिंदीला त्याची गरज नाही, मराठीला त्याच्यावाचून चालत नाही. आचार्यांना जेवायला वाढणे वेगळे आणि आचाऱ्यांना वाढणे वेगळे, हे आपण शाळेत शिकलो. युनिकोडमध्ये हा 'र' लिहायच्या दोन रीती होऊन बसल्या आहेत. एक, नुक्ता दिलेला 'ऱ', क्रमांक २३५३, आणि त्याला हलन्त. दुसरी, साधा 'र', २३५२, त्याला हलन्त आणि पुढे ८२०५ क्रमांकाचे एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण एका रीतीने शोधले तर साधा शोध दुसऱ्या रीतीने लिहिलेले सापडवीत नाही. 'ॲ'चीही अशीच कथा. हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आले. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र ठेवून भागवत, आणि जुन्या एक्सपीवर आजही त्या जागी चौकोन दिसतो. तेव्हा युनिकोड आले आणि सगळे आलबेल झाले, असे कोणी सांगू लागला तर अर्धेच खरे माना.

पहिली वही अशी महिनाभरात उभी राहिली. दुसरी वही अण्णांच्या एक्सपीवरून काढली. ते मशीन त्यांनी लग्नपत्रिकांच्या जुन्या फाइलींसाठी इंटरनेट न जोडता चालू ठेवले आहे. एक्सपीची देखभाल एप्रिल २०१४ लाच थांबली, पण किती तरी छापखान्यांत, कचेऱ्यांत एकाच प्रोग्रामपायी असा एक म्हातारा कोपऱ्यात सांभाळलेला असतो. फाइल उघडली. मजकूर निघाला. तक्ता लावला. आणि मी वाचू लागलो, तर 'दुसर्या', 'कोपर्यात', 'सोयर्याच्या'.

भाच्याला वाटले तक्ता चुकला. चुकला नव्हता. २००४ मध्ये ते 'यस' दाबले तेव्हाच हे झाले होते. जुन्या आवृत्तीत त्या आडव्या 'र'ला वेगळी जागा होती. नव्या आवृत्तीत फाँटची मांडणी बदलली आणि जुनी फाइल बदलताना त्या सॉफ्टवेअरने आडवा 'र' आणि रफार एकत्रच करून टाकले. इशारा दिला नाही, चौकोन दाखवला नाही, प्रश्नचिन्ह लिहिले नाही. मघाशी तीन रूपे सांगितली, त्यांत हे चौथे. मजकूर नीट दिसतो आणि चुकीचा असतो. याच्याइतके वाईट दुसरे नाही, कारण ते कोणाच्या लक्षातच येत नाही. आम्ही जुन्या डिस्कवर पुसलेली फाइल शोधायचा प्रयत्न केला. तिच्या जागेवर केव्हाच कुणाच्या तरी बारशाच्या पत्रिका बसल्या होत्या.

इथे थोडे थांबून श्रोत्यांना एक विनंती करतो. विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला यंत्राच्या अटी कडक आहेत, त्यामुळे पुष्कळ घरांत, कचेऱ्यांत कॉम्प्युटर बदलले जात आहेत. जुना भंगारात देण्याआधी आपली मराठी फाइल नव्यावर उघडून पाहा. नुसती उघडू नका, वाचा. 'दुसऱ्या' शोधा, 'ॲ' शोधा, वेलांट्या पाहा. पीडीएफवर विसंबू नका. जुन्या फाँटची पीडीएफ दिसायला सुरेख असते, पण तिच्यातली ओळ उचलून दुसरीकडे टाकली की आतले इंग्रजी बाहेर पडते. मजकूर युनिकोडमध्ये, साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवा, सजावट वेगळी ठेवा. फाइल नव्या आवृत्तीत बदलली तरी जुनी पुसू नका. आणि एक प्रत कागदावर, वरच्या फळीवर.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या मोठ्या कामाला जाणते हात मिळाले आणि आज त्या इंटरनेटवर वाचता-ऐकता येतात. पण घरोघरी कपाटात अशा एकेका सीडीवर काय काय अडकले असेल, त्याला भाचा कुठून मिळणार?

दुसऱ्या वहीत असा बिघडलेला 'र्य' ६१ ठिकाणी निघाला. त्यातले ५९ मी डोळे मिटून दुरुस्त केले. 'कोपर्यात'चे दुसरे काय होणार? राहिले दोन. दोन्ही मामूवरच्या ओव्यांतले आणि दोन्हीकडे एकच शब्द. फाइलीत दिसते 'दर्या'. अम्मा जे म्हणाली ते 'दऱ्या' असेल, तर तिच्यात आणि भावात घाटाच्या दऱ्या आहेत. 'दर्या' असेल, तर भाऊ गोदीच्या दर्याकाठी उभा आहे. ओवी दोन्हीने पुरी होते. मी स्वतःच्या हाताने ती वहीत लिहिली होती आणि आता मला आठवत नाही.

आपा म्हणते, दऱ्या. अम्माने समुद्र कधी पाहिलाच नव्हता. मामूची मुलगी मुंबईला असते, तिला फोन केला. ती म्हणते, दर्याच. अब्बा पत्रात तोच शब्द लिहायचे. भाच्याने फाइलीत दोन्ही ओळी लिहून ठेवल्या आहेत, एकाखाली एक.

गावचे घर आता बंद असते, पण जाते तिथेच आहे. आपाचे गुडघे दुखतात, तरी ती म्हणाली, "मला घेऊन चल. जात्यापुढं बसव. हात फिरला तर येईल." येत्या शुक्रवारी नमाज झाली की आम्ही निघणार आहोत.